मंजूर भार १ किलोवॅट: छतावरील सौरऊर्जेचा माझा अनुभव

सांगलीच्या गावभागातील आमच्या घरावर ३ किलोवॅटचे सौर पॅनेल बसले तेव्हा मार्च संपत आला होता, आणि त्यांतून निघालेले पहिले युनिट आमच्या वापरात आले तेव्हा वळवाचे पाऊस सुरू झाले होते. मधला सगळा काळ, म्हणजे आमच्याकडील वर्षातले सर्वांत कडक ऊन, पॅनेल वर नुसते तापत पडले होते आणि आम्ही खाली पूर्ण दराने बिल भरत होतो. हे सारे अडले ते आमच्या वीज बिलावर बारीक अक्षरांत छापलेल्या ‘मंजूर भार १ किलोवॅट’ या ओळीपाशी. मंजूर भार म्हणजे आपल्या जोडणीवर एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेण्यास वीज कंपनीची मान्यता आहे, तो आकडा. ज्यांना छतावर सौर यंत्रणा बसवायची आहे त्यांनी एजन्सीला फोन करण्याआधी स्वतःच्या बिलावर ही ओळ शोधावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

योजना बहुतेकांना ठाऊक आहे. ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, देशातील १ कोटी घरांपर्यंत ती पोहोचवायची आहे आणि तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. घरगुती ग्राहकाला पहिल्या २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान मिळते. आमची नोंदणी, एजन्सीची निवड आणि प्रत्यक्ष उभारणी यांत सांगण्यासारखे काही घडले नाही. मी सहकारी बँकेत कर्ज विभागात नोकरी करून निवृत्त झाले आहे. बिलावरील, पासबुकावरील आणि आधारवरील नाव अक्षरशः एकसारखे हवे, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

पॅनेल बसले, पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा इन्व्हर्टर बसला, अर्थिंगचे खड्डे घेऊन झाले, आणि एजन्सीने सांगितले की आता फक्त नेट मीटर येणे बाकी आहे. नेट मीटर म्हणजे आपण घेतलेली आणि आपण परत पाठवलेली वीज वेगवेगळी मोजणारे मीटर. ते येईपर्यंत यंत्रणा चालू करता येत नाही, कारण जुन्या पद्धतीची अनेक मीटरे बाहेर जाणारी वीजही आपणच वापरली असे धरून मोजतात, आणि परवानगीशिवाय तारेत वीज सोडणे हे खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवाशी खेळणे आहे. “काकू, दिवसा थोडा वेळ चालू करून बघा, कोण बघतंय,” असे एजन्सीच्या एका मुलाने मला सुचवले होते. त्याला मी जे उत्तर दिले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

सुरुवातीला वीज कार्यालयात सांगण्यात आले की मीटर शिल्लक नाहीत. काही दिवसांनी समजले की मीटर आले आहेत, पण चाचणीसाठी प्रयोगशाळेत आहेत. चाचणी होऊन आमच्या पेठेतील दुसऱ्या एका घरी मीटर लागलेसुद्धा, आणि त्यांचा अर्ज आमच्या नंतरचा होता. तेव्हा मी खिडकीशी न थांबता आत गेले आणि आमचा अर्ज संगणकावर उघडून दाखवण्याची विनंती केली. तिथल्या तरुण कर्मचाऱ्याने तो उघडला, थोडा वेळ पाहिला आणि म्हणाला, “काकू, तुमचा मंजूर भार एकच किलोवॅट आहे. पॅनेल तीनचे आहेत. भार वाढवल्याशिवाय मीटर निघणारच नाही.”

आमची वीजजोडणी सासऱ्यांच्या काळातील. त्या वेळी घरात काही दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ होता, त्यामुळे १ किलोवॅट पुष्कळ होता. पुढे फ्रिज आला, पाण्याची मोटार आली, जोडणी माझ्या यजमानांच्या नावावर झाली, पण भाराचा आकडा कोणी बदलला नाही. सांगली, मिरज, कुपवाड या तिन्ही ठिकाणच्या जुन्या घरांत अशी बिले ढिगाने सापडतील. त्या कर्मचाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे आता भारवाढीचा स्वतंत्र अर्ज, त्याचे शुल्क, जागेची पाहणी, गरज पडल्यास नवीन सर्व्हिस वायरचा (खांबापासून घरापर्यंतच्या तारेचा) अंदाजखर्च आणि मग सौर अर्ज पुन्हा पुढे, असा क्रम होता. एजन्सीचा मालक हे सर्व ‘करून देण्यास’ तयार होता, मात्र त्याचे वेगळे पैसे पडणार होते. किती, ते त्याने फोनवर सांगितले नाही.

इथे माझा संयम संपला. ३ किलोवॅटची यंत्रणा आपल्याकडे दिवसाला सरासरी १२ युनिट वीज देते. आपल्या देशाच्या ग्रीडमधील, म्हणजे सामाईक वीजजाळ्यातील, प्रत्येक युनिटामागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे माझ्या छतावर फुकट गेलेल्या प्रत्येक दिवसापोटी कुठेतरी ८ किलोहून अधिक. देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल, वायू सोडून इतर, स्रोतांची झाली, आणि २०३० चे हे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले, या बातमीचा मला खरोखर आनंद झाला होता. परंतु स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्माण झालेली वीज या दोन वेगळ्या गोष्टी असून देशातील बहुतांश वीज अजूनही कोळशापासूनच तयार होते. माझे पॅनेल त्या स्थापित क्षमतेचे उत्तम उदाहरण होते. ते स्थापित होते, क्षमताही होती, वीज मात्र येत नव्हती.

बँकेत असताना मला एक सवय लागली होती. कोणी ‘नियम असा आहे’ असे म्हटले की तो नियम कागदावर पाहायचा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये जी सुधारणा केली, तिची अधिसूचना मी काढून वाचली. तिच्यात स्वच्छ म्हटले आहे की १० किलोवॅटपर्यंतच्या छतावरील सौर यंत्रणेचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीशिवाय मंजूर झाला असे मानले जाईल, आणि त्यासाठी मंजूर भार वाढवण्याची आवश्यकता असल्यास ती वाढ वितरण कंपनीने स्वतः करायची आहे. ५ किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी वितरण व्यवस्था मजबूत करावी लागली तर तोही खर्च कंपनीचाच. यंत्रणा बसल्यानंतर ती कार्यान्वित करण्याची मुदत त्याच सुधारणेने ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आणली आहे. म्हणजे जी भारवाढ माझ्याकडून मागितली जात होती, ती करण्याची जबाबदारी मागणाऱ्याचीच होती.

मी एक पानाचा अर्ज लिहिला. ग्राहक क्रमांक, सौर अर्जाचा क्रमांक, एजन्सीने उभारणी पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र सादर केल्याची तारीख आणि अधिसूचनेतील संबंधित तरतूद, एवढेच त्यात होते. ‘कृपया सहकार्य व्हावे’ अशी वाक्ये मी जाणूनबुजून टाळली, कारण विनंतीला मुदत नसते. सोबत अधिसूचनेच्या त्या पानाची प्रत जोडली आणि ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली.

अर्ज लिहिण्याहून अवघड होते तो आवक करून घेणे. एका टेबलावर सांगितले की आता सगळे ऑनलाइन असते, कागद घेत नाही. दुसऱ्या टेबलावर सांगितले की साहेब साइटवर आहेत, त्यांच्या सहीशिवाय शिक्का मारता येत नाही. मी म्हणाले की शिक्का हा अर्ज मिळाल्याचा असतो, मान्य केल्याचा नव्हे, आणि साहेब येईपर्यंत मला बसायला अडचण नाही. बाकावर बसून मी सोबत नेलेला पेपर वाचत राहिले. जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्का मिळाला, तारखेसह आणि आवक क्रमांकासह. (हा क्रमांक न घेता कोणत्याही सरकारी वा निमसरकारी कार्यालयातून बाहेर पडू नये. मोबाइलवर काढलेला अर्जाचा फोटो म्हणजे पोच नव्हे.)

अभियंता साहेबांशी भेट झाली तेव्हा त्यांनी ते पान शांतपणे वाचले. तरतूद त्यांना माहीत नव्हती असे मला वाटले नाही. संगणकप्रणालीत भार बदलल्याशिवाय मीटरचा आदेश तयार होत नाही, आणि तो बदल करण्यास खालचा माणूस अर्जाशिवाय धजत नाही, असे त्यांनी सांगितले. “मग तो बदल तुम्ही करायचा आहे, साहेब,” एवढेच मी म्हणाले. त्यांनी समोरच बोलावून तशी सूचना दिली. त्या आठवड्यात भार ३ किलोवॅट झाला, पाठोपाठ मीटर लागले, पाहणी झाली. आमच्याकडून भारवाढीचा वेगळा अर्ज कोणी मागितला नाही आणि एजन्सीच्या मालकाने ‘करून देण्या’चा विषय पुन्हा काढला नाही. मला त्या दिवशी जितके समाधान वाटले तितके बँकेत कुठली थकबाकी वसूल झाल्यावरही वाटले नव्हते, हे सांगायला संकोच वाटत नाही.

अनुदान नंतर खात्यात जमा झाले. त्याबद्दल सांगण्यासारखी गोष्ट एवढीच की ते मिळण्यासाठी पॅनेल भारतात बनवलेल्या सेलचेच असावे लागतात. बाजारात त्याहून स्वस्त पॅनेल मिळतात आणि दरपत्रकात कोणते धरले आहेत हे काही एजन्सी तोंडी सांगतात. ते लेखी घ्यावे आणि पॅनेल वर चढण्यापूर्वी प्रत्येकाचा अनुक्रमांक टिपून ठेवावा, कारण एकदा बसल्यावर मागच्या बाजूचा क्रमांक वाचण्यासाठी जमिनीवर आडवे व्हावे लागते.

इन्व्हर्टर कुठे बसवायचा हे एजन्सीवर सोपवू नये. आमच्याकडे त्यांनी सोयीचे म्हणून तळमजल्यावर मीटरशेजारची भिंत धरली होती. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत कृष्णेचे पाणी ज्यांच्या उंबऱ्यात आले त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, पण आम्ही पेठेतले लोक त्याच्या बरेच आधी सामान वर हलवायला लागतो, आणि भिंतीत पक्का केलेला इन्व्हर्टर हलवता येत नाही. आम्ही तो जिन्याच्या वरच्या खोलीत, सावलीत आणि वारा लागेल असा बसवून घेतला. केबल थोडी जास्त लागली, तिचे पैसे दिले.

वीज गेली की आपली सौर यंत्रणाही बंद पडते, भर दुपारी लख्ख ऊन असले तरी. बॅटरी नसलेली यंत्रणा सुरक्षेसाठी तशीच बनवलेली असते. आमच्या शेजाऱ्यांना हे कळले तेव्हा त्यांनी “मग उपयोग काय?” असे विचारले. उपयोग बिलात दिसतो. आमचा वापर १०० युनिटांच्या पुढे जात असे आणि त्या टप्प्यानंतर दर चांगलाच चढतो, तो चढ आता लागत नाही. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जमा धरली जातात आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीस त्यांचा हिशेब होतो. बिल मात्र शून्य होत नाही, कारण स्थिर आकार राहतोच. ‘मुफ्त’ हा शब्द त्या मर्यादेत घ्यावा.

आमच्या जिल्ह्यापुरती आणखी एक अडचण आहे. गळीत हंगामात उसाचा फड पेटवला की पाचटाची काळी राख वाऱ्यावर शहरापर्यंत येते आणि कारखान्यांच्या धुराड्यांतील काजळी तिच्यात भर घालते. थंडीत आकाश निरभ्र असूनही निर्मिती घसरली तर आधी पॅनेलवर बोट फिरवून पाहावे. धुणे सकाळी लवकर, पॅनेल थंड असताना करावे आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरू नये, त्याचे पांढरे डाग निघता निघत नाहीत. पाचट न जाळता कुजवणारे शेतकरी वाढत आहेत, तेवढे माझे धुण्याचे कष्ट कमी होतील अशी आशा आहे.

नवीन मीटर लागल्यावरचे पहिले बिल मिळाले की त्यावर बाहेर पाठवलेल्या युनिटांचा आकडा आहे ना, हे मीटरच्या वाचनाशी ताडून पाहावे. आमच्या पहिल्या बिलात तो रकाना कोरा होता. त्यासाठी पुन्हा अर्ज केला, पुन्हा आवक क्रमांक घेतला, आणि या वेळी शिक्क्यासाठी बाकावर बसावे लागले नाही.