निळ्या मेणखडूच्या रेघा

मी एमईएसमध्ये, म्हणजे मिलिटरी इंजिनियर सर्व्हिसेसमध्ये, ज्युनियर इंजिनियर आहे. लष्कराच्या इमारती बांधायच्या आणि सांभाळायच्या हे आमचं काम. पंखे-दिवे बघणारे वेगळे, भिंती आणि छतं माझ्याकडे. छावणीचं नाव सांगत नाही, महाराष्ट्रातलीच आहे.

जुलैतला दिवस. सकाळी तक्रारवही उघडली तर पहिलीच नोंद: 'छत गळते.' क्वार्टर एसएफ लाइनीतलं. एसएफ म्हणजे सेपरेटेड फॅमिली. जवानाची बदली फील्डला झाली की बायका-मुलांना तिथे नेता येत नाही, त्यांच्यासाठी राखलेली ही घरं. 1962 नंतर फौज वाढत गेली, त्या काळातली बांधकामं. याच घराच्या गच्चीवर गेल्या वर्षी मी कोब्याच्या भेगा भरून घेतल्या होत्या आणि वहीत 'अटेंडेड' लिहून सही केली होती.

दार उघडलं ते एका हवालदाराच्या पत्नीने. माहेर साताऱ्याकडचं, अपशिंगे मिलिटरीचं, घराघरातून माणूस फौजेत जाणाऱ्या गावचं. त्या काही न बोलता आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि वर बोट दाखवलं.

छतावर निळ्या मेणखडूने रेघा ओढल्या होत्या. एकात एक अशी पाच वेडीवाकडी वर्तुळं आणि प्रत्येकापाशी तारीख. मुलाचा खडू झाडूच्या दांड्याला बांधून त्यांनी त्या खालून ओढल्या होत्या.

"साहेब, तुम्ही लोक येता तेव्हा नेमकी उघडीप असते. ओल वाळून गेलेली असते. मग मी खोटी पडते. म्हणून खूण करून ठेवली."

मी तारखा वाचत गेलो. वर्तुळं सगळी पावसाळ्यातली, पण त्यांना आडव्या छेदणाऱ्या तीन सरळ रेघा होत्या आणि त्यांच्यापाशी मार्च लिहिलं होतं.

"आणि ताई, या?"

"ती ओल नाही. चिरा आहेत. उन्हाळ्यात आल्या."

माझ्या पोटात गोळा आला. तिन्ही चिरा एकमेकींना समांतर होत्या, मध्ये वीतभर अंतर. स्लॅबमधल्या सळ्या अशाच अंतरावर असतात. पाणी मुरून सळई गंजली की गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, सळई आतून फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून देते. चीर सळईच्या रेषेत दिसली की प्रश्न गळतीचा उरत नाही. गेल्या वर्षी मी वरून पाणी अडवलं, पण खाली येऊन छताकडे मान वर करून बघितलं नव्हतं.

मुलांना बाहेरच्या खोलीत पाठवलं आणि बांबूने छत ठोकायला लागलो. भिंतीजवळ खणखणीत आवाज. चिरांकडे सरकलो तसा भद्द, पोकळ. चौथ्या-पाचव्या ठोक्याला ताटाएवढी खपली सुटून पलंगावर पडली. त्या पलंगावर मुलं झोपत. वर सळई उघडी पडली. गंज खरवडून व्हर्नियरने जाडी मोजली: मूळ 10 मिलिमीटरची सळई 6 वर आली होती. म्हणजे तिच्यात लोखंड उरलं होतं एक तृतीयांशाच्या जरा वर.

मी ताईंना म्हणालो, "आज रात्री इथे झोपायचं नाही."

म्हणणं सोपं. घर देणं माझ्या हातात नाही, ते स्टेशन हेडक्वार्टरचं काम. 2002 साली सुरू झालेल्या मॅरिड अकॉमोडेशन प्रोजेक्टने देशभर जवळपास 2 लाख घरांचं उद्दिष्ट ठेवलं, आमच्याकडेही नव्या इमारती आल्या, तरी वेटिंग लिस्ट काही संपत नाही. क्वार्टरिंगच्या सुभेदारसाहेबांना फोन केला. रिकामं क्वार्टर एकच, आणि ते सकाळीच एका नायकाच्या नावावर अलॉट झालेलं. आठ महिने थांबून त्याचा नंबर लागला होता. बायको-मूल हिमाचलहून गाडीत बसलेली. दुपारी चार वाजता त्याचं मार्चिंग-इन, म्हणजे यादीप्रमाणे घर मोजून ताब्यात देणं, मलाच करून द्यायचं होतं.

चार वाजता तो आला. पंखे, ट्यूबलाइटी, कड्या, किल्ल्या, सगळं यादीप्रमाणे मोजून दाखवलं. सहीसाठी कागद पुढे करताना मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. मागितलं काहीच नाही, मागायचा हक्कच नव्हता.

त्याने विचारलं, "बच्चे कितने हैं उनके?"

"दोन."

"मेरा एक है. कमरे भी दो हैं." आणि सही केली.

सुभेदारसाहेबांनी तासाभरात तात्पुरती परवानगी लेखी आणून दिली. नियमात बसवायला त्यांना किती धडपड करावी लागली असेल ते मी समजू शकतो. संध्याकाळी पावसातच ट्रक लावला. काळी ट्रंक आली, तिच्यावर पांढऱ्या रंगात हवालदाराचा नंबर आणि नाव. मग शेगडी, देव्हारा, शिलाई मशीन. रात्री गवंडी आणि दोन बिगारी घेऊन मी त्या स्लॅबखाली टेकू लावले. लावतानाही खपल्या पडत होत्या.

त्या आठवड्यात मी लाइनीतली उरलेली अकरा घरं बांबूने ठोकली. चार घरांत तोच भद्द आवाज आला. दुरुस्तीच्या प्रस्तावाला मी निळ्या रेघांचा फोटो जोडला. माझ्या कुठल्याच रिपोर्टात इतकी नेमकी नोंद नव्हती.

दोन्ही कुटुंबं त्या दोन खोल्यांत एकोणीस दिवस राहिली. मग ताईंना दुसरं क्वार्टर मिळालं. मार्चिंग-इनला मीच होतो. यादी वाचून दाखवली, पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. कोपऱ्यातला झाडू उचलला, उलटा धरला आणि दांड्याने छत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठोकत गेल्या. दोन्ही खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीसुद्धा. मी कागद हातात धरून उभा राहिलो.