बिंदू चौक ते रंकाळा: एका दुपारची पायी खरेदी

कोल्हापूरचा रंकाळा तलाव संध्याकाळचा. म्हणून दुपारी तीनला बिंदू चौकातल्या पार्किंगमध्ये गाडी लावावी, कापडी पिशवी घ्यावी आणि पुढचं सगळं पायी करावं. गाडीनं महाद्वार रोडला शिरणाऱ्याचा अर्धा तास वळणं शोधण्यातच जातो. शुक्रवार शक्यतो टाळा. अंबाबाईचा वार, दर्शनाची रांग कुठवर जाईल सांगता येत नाही.

भवानी मंडपातून देवळात, दर्शन घेऊन पश्चिमेच्या महाद्वारातून बाहेर. मग गुजरी, म्हणजे सराफ बाजार. कोल्हापुरी साज बघायचा तर इथंच. साजाला पानं एकवीस: दहा दशावताराची, आठ अष्टमंगळाची, दोन माणिक-पाचूची आणि एक ताईत. मोजूनच घ्यावीत, कारण आता कमी पानांचे सुटसुटीत साजही मिळतात. साज असो वा ठुशी, पोकळ मणी-पानांत लाख भरलेली असेल, तर निव्वळ सोन्याचं वजन बिलावर वेगळं लिहून घ्या. हॉलमार्कसोबतचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, भिंगातून वाचून घ्या. मुलाम्याचा साज दिसायला सुरेख असतो, पण घामानं आणि अत्तरानं उतरतो.

खरा वेळ द्यायचा तो शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनीत. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. तरी रेक्झिनचा माल त्याच नावानं शेजारीच टांगलेला असतो. चप्पल हातात आली की आधी कड बघा. म्हशीच्या कातड्याचे थर एकावर एक दिसले पाहिजेत. मध्ये पुठ्ठा असेल, तर पहिल्या पावसात तळ फुगून उकलतो. मग शिवण बघा: अस्सल पायताण चामड्याच्या वादीनं शिवतात, खिळा मारत नाहीत. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा वास उग्र पण लाकडासारखा असतो, रंग मातकट. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर हळूहळू जिरतो. प्लास्टिकचा थर असला तर थेंब तसाच उभा राहतो. लखलखीत तांबड्या जोडाला मात्र आमची नापसंती. रंग कच्चा असला तर पहिले काही दिवस तळपाय रंगतात.

माप दिवसा उशिराच घ्यावं, चालून पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा. अंगठ्यात आणि पट्ट्यात जोड किंचित घट्ट असावा, कारण कातडं वापरानं सैल पडतं. टाच मात्र मागं लोंबू नये. दुकानदार म्हणतोच, "घालून चार पावलं चाला की." चार नव्हे, चाळीस चाला. दोन्ही पायांत चाला. हातशिलाईत डावा-उजवा तंतोतंत जुळतोच असं नाही. घरी गेल्यावर पट्ट्याला आतून खोबरेल चोळून पहिला आठवडाभर रोज तासभरच वापरा, फोड येणार नाहीत. भिजली तर सावलीत वाळवा. उन्हात टाकली की कातडं कडक होऊन चिरतं. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली की बुरशी ठरलेली.

गुळालाही हाच डोळा लावायचा. कोल्हापुरी गुळाला मानांकन 2014 मध्येच मिळालंय, पण पिवळीधमक ढेप बघून भुलू नका. तो रंग बऱ्याचदा हायड्रोस पावडरचा, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनाचा असतो. रानभेंडीच्या रसानं मळी काढलेला गूळ तपकिरीकडे झुकतो. तुकडा जिभेवर ठेवा, खारट लागला तर पुढं चला. गुऱ्हाळं हिवाळ्यात जोरात असतात, ताजा माल तेव्हाच. जुलैत नेलेल्या गुळाला हवेतल्या ओलीनं पाणी सुटतं, म्हणून किलोची ढेपच न्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पापाच्या तिकटीवरून गंगावेशीत आलात की दूध कट्टा. म्हैस समोर, पेला हातात, फेस वरपर्यंत. हे दूध कच्चं असतं. धारोष्णाची सवय नसेल तर घरी नेऊन उकळून प्यावं, लहान मुलांना तर उकळूनच द्यावं.

इथून रंकाळा स्टँड मागं टाकून काही मिनिटांत तळं. चौपाटीवर भेळ, भाजलेली कणसं, गर्दी. पश्चिम काठावर 1930च्या दशकात बांधलेला शालिनी पॅलेस, त्याच बाजूला सूर्य उतरतो. पाण्यातला संध्यामठ दगडी आहे. पावसाळ्यानंतर तो बुडालेला असतो, उन्हाळ्यात पातळी उतरली की मोकळा होतो. त्यामुळं जुन्या फोटोतला मठ हवा असेल तर एप्रिल-मेमध्ये या. काही वेळा काठाला हिरवट थर आणि वास असतो. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद शेवाळ-जलपर्णीला खत घालतं, त्याचा हा परिणाम. निर्माल्य पाण्यात सोडू नका, प्लास्टिक तर नाहीच. गणपती विसर्जनासाठी शेजारी इराणी खण, म्हणजे जुनी दगडाची खाण, आहे.

फक्त किरणोत्सवाच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरात 9 ते 11 आणि जानेवारी 31 ते फेब्रुवारी 2, हा सगळा क्रम उलटा करा. देवीचं मुख पश्चिमेला आहे. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन आधी चरणांना, मग वर चढत मुखापर्यंत पोचतात. वाटेतली उंच बांधकामं आणि क्षितिजावरचे ढग, धूळ ही किरणं कधी अडवतात. त्यामुळं तिन्ही दिवस साधतीलच असं नाही. तेव्हा रंकाळा दुपारीच उरका, आणि पाचच्या आत देवळात असा.