चित्र गेलं, आकडे राहिले

रोव्हर चालवणाऱ्याला रोव्हर दिसता कामा नये, हा युनिव्हर्सिटी रोव्हर चॅलेंजचा मूळ नियम. कॉलेजच्या पोरांनी मंगळासाठी म्हणून बनवलेल्या, दुरून चालवायच्या गाड्यांची, म्हणजे रोव्हरची, ही स्पर्धा. अमेरिकेत यूटामधल्या हँक्सव्हिल गावाजवळ मार्स सोसायटीचं वाळवंटी संशोधन केंद्र आहे, तिथे २००७पासून ती भरते. बाहेर लाल टेकड्या आणि आम्ही आत लॅपटॉपला डोळे लावून.

टीममध्ये रेडिओचं काम माझ्याकडे. दोन रेडिओ लावले होते: कॅमेऱ्यांसाठी २.४ गिगाहर्ट्झचा, आणि आदेश-मोजमापांसाठी ९०० मेगाहर्ट्झचा. या दुसऱ्यावरून कॉलेजात बरीच वादावादी झाली होती. रोव्हरला ५० किलोची मर्यादा, आमचा काटा तिथेच टेकलेला. त्यात हा रेडिओ चालतो तो ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येत नाही. आपला मोकळा पट्टा ८६५ ते ८६८चा. म्हणजे पुण्यात टेकडीवर नेऊन त्याची धड चाचणीही करता येणार नव्हती. "जे टेस्ट केलं नाही ते न्यायचं कशाला?" हा कॅप्टनचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता. शेवटी रोबोटिक हाताची कव्हरं काढून तेवढं वजन कमी केलं, तेव्हा कुठे रेडिओ राहिला.

त्या दिवशी सामान पोचवण्याची फेरी होती. पहिली वस्तू झटक्यात पोचली. पुढची जागा टेकडीमागे. रोव्हरने वळण घेतलं आणि सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं गोठली. २.४ला अशी मातीची भिंत आडवी आली की खेळ खलास. ९००चा सिग्नल मात्र कडेवरून वळून लंगडत का होईना येत होता. त्यातून मिळत होतं ते एवढंच: रोव्हरचा कल, दिशा आणि मोटारींचा करंट.

"इंटरव्हेन्शन घेऊ," कॅप्टन म्हणाला. म्हणजे आपलीच पोरं धावत जाऊन रोव्हर सोडवणार आणि त्या फेरीचे २० टक्के गुण जाणार. ड्रायव्हर दुसऱ्या वर्षाची, एरवी त्याच्यापुढे तोंड न उघडणारी. ती म्हणाली, "दादा, दोन मिनिटं थांब ना. आकडे येतायत."

मी आकडे वाचत गेलो, ती जॉयस्टिक हलवत गेली. मागे, अगदी हळू. कल १४ अंश, मग १७. उजव्या मागच्या चाकाचा करंट एकदम चढला, बाकीच्यांचा होता तसाच. एकटं तेच रुतलं होतं. तिथली बेंटोनाइटची माती वरून लाह्यांसारखी फुललेली असते. पाय दिला की कुरकुरते आणि दबते. जोर केला तर चाक आणखी खाली जाणार, वर मोटर कंट्रोलर तापून बंद पडणार. तिने जोर केलाच नाही. जरा पुढे, जरा डावीकडे, परत मागे. करंट उतरला.

"निघाला गं!" मी ओरडलो. परीक्षकांनी माना वर केल्या. मराठी त्यांना कळायचं कारण नव्हतं, पण सूर कळला असावा.

चित्र परत आलं तेव्हा समोर आमच्याच चाकांचे माग होते, एकमेकांत गुंतलेले. मग टेकडीला लांबून वळसा घातला. दुसरी वस्तू पोचली, तिसरीपर्यंत वेळ संपली. गुण फार नाही मिळाले, पण कापलेही गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माती तपासण्याची फेरी. चाकांत शिरलेली ती लाल भुकटी ब्रशने काढता काढता मध्यरात्र उलटली. कॅप्टन मधेच येऊन विचारून गेला, "त्या ९००चा कनेक्टर नीट आवळलायस ना?"