क्रायसोपर्लाच्या डबीसाठी चार खेपा

बेळगावजवळच्या कडोलीत आमच्या रानात कोबीवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, चढला. औषध मारायचं नाही, क्रायसोपर्ला सोडायचा, असं ठरवलं. हा मावा खाणारा मित्रकिडा, त्याची अंडी डबीत मिळतात. कचेरीत अर्ज केला, उतारा-आधारची झेरॉक्स जोडली, पैसे भरले. तिथवर काही अडलं नाही.

अडलं डबी हातात घेताना. सोमवारी फोन आला, "अंडी आलीत." गेलो. डबी टेबलावर समोर दिसत होती, पण रजिस्टरवर सही नव्हती. "साहेब इल्ल, नाळे बर्री." म्हणजे साहेब नाहीत, उद्या या. मंगळवारी साहेब मीटिंगला. बुधवारी म्हणाले, अर्ज कन्नडात आणा. मराठी अर्ज त्याच खिडकीवर घेतला होता! झेरॉक्सवाल्याकडून लिहून घेईतो जेवणाची सुट्टी. ही अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, हे मी तिघांना सांगितलं. बियाण्याचं पाकीट असल्यासारखी डबी तिथंच राहिली. गुरुवारी मिळाली. भिंग लावून बघितलं तर पांढरी टरफलं, आणि विळ्यासारख्या जबड्यांची एक अळी दुसरीला धरून शोषत होती. भुकेल्या अळ्या एकमेकींनाच खातात. रानात मादी एकेक अंडं केसासारख्या देठावर घालते, ते उगीच नाही. डबीत ते देठ काढलेले असतात. निम्म्याहून जास्त अळ्या गेल्या. तो राग अजून उतरलेला नाही.

उरलेल्या अळ्या ऊन उतरल्यावर भुश्शात मिसळून पानांवर सोडल्या. आधी मुंग्या बघा, त्या माव्याची राखण करतात. आठ-दहा दिवस अळी मावा खाते, मग कोषात जाते. पंख फुटलेला क्रायसोपर्ला मात्र परागावर आणि मधावर जगतो, म्हणून बांधावर कोथिंबीर फुलू द्या.

त्याच आठवड्यात रोपं बुंध्याशी कुरतडून पडायला लागली. रात्री बॅटरी घेऊन गेलो तर एक काळा चकचकीत भुंगेरा कुरतडणारी अळी तोंडात धरून ढेकळाखाली ओढत होता. याला ना अर्ज, ना सही! हा जमिनीवर पळून शिकार करतो, याची अळीसुद्धा मातीत शिकारच करते. पानांवरचा मावा याच्याकडून हटत नाही, आणि मातीतली अळी क्रायसोपर्लाला सापडत नाही. मला दोन्ही हवेत. दाणेदार औषध मातीत टाकलं की भुंगेरा मरतो, गवत-पाचोळा ठेवला की राहतो.

आणि हो, डबी कधी येणार आणि सही कोण करणार, हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.

काल आबा बांध पेटवायला काडेपेटी घेऊन निघाले होते. त्यांना हाताला धरून त्या ढेकळापाशी नेलं.