आमना नाला कोठे शे?

ग्रामसभेत गावाच्या विकासाचा आराखडा वाचून झाला. मागून एका आजींनी विचारलं, "भाऊ, आमना नाला कोठे शे यामा?" (आमचा नाला कुठे आहे यात?)

उत्तर आलं, "कामांची यादी वरून आलीये, आजी." पुढचा विषय सुरू.

मला तो प्रश्न सोडत नाहीये. नाला कुठे फुटतो, पाणी कुठे मुरतं, आजींना सगळं पाठ. पण त्यांना विचारणारा रकानाच फॉर्ममध्ये नाही.

आपल्याच साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं १९९०च्या दशकात स्वतः नियम केले, दंड ठरवले, जंगल राखलं. जंगलावर गावाचा हक्क मानणारा वनहक्क कायदा आला २००६ साली. गाव आधी, कायदा नंतर!

ग्रामपंचायतींना १५व्या वित्त आयोगाच्या केंद्रीय अनुदानात (२०२१-२६) ४० टक्के रक्कम अबंधित होती, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायची. तुमच्या गावात ती गरज कोण ठरवतं?