कॅम्पर व्हॅनचा रिकॉल: चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची

आमची कॅम्पर व्हॅन सेकंडहँड. आरसी आमच्या नावावर झाली, पण रिकॉलचं, म्हणजे सदोष भाग दुरुस्त करायला गाडी परत बोलावल्याचं, पत्र गेलं पुण्याला, आधीच्या मालकांच्या पत्त्यावर. त्यांनी आठवणीनं फोटो पाठवला म्हणून आम्हाला कळलं. मागच्या बारा व्होल्टच्या बॅटरीकडून फ्यूज बॉक्सकडे जाणाऱ्या जाड केबलचा जोड ढिला राहिला असण्याची शक्यता आहे, तो तापून आग लागू शकते, असा मजकूर होता. ती बॅटरी ज्या बाकाखाली आहे, त्याच बाकावर बामणोलीला मुक्काम असला की आमची पोरं झोपतात. त्याच संध्याकाळी मी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यातल्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. त्यांनी चासी नंबर टाकून पाहिला आणि सांगितलं, "सर, तुमच्या गाडीवर काही पेंडिंग नाही."

इथं पुष्कळ जण थांबत असतील, म्हणून हे नीट सांगतो. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या संगणकावर गाडी बनवणाऱ्या कंपनीचे रिकॉल दिसतात. आमच्या गाडीत बिछाना, फ्रिज, इन्व्हर्टर आणि मागचं सगळं वायरिंग बॉडी बांधणाऱ्या दुसऱ्याच कंपनीनं बसवलंय. तिची यादी वेगळी. चासी नंबर एकच, पण चौकशी दोन्हीकडे करावी लागते.

बॉडीवाल्यांनी फोनवर "बघतो, कळवतो" एवढंच केलं. मग मी मेल लिहिला. त्यात सतरा अक्षरी चासी नंबर, दाराच्या आत ठोकलेल्या प्लेटवरचा बॉडी नंबर, आरसीची प्रत, पत्राचा फोटो, आणि एक सरळ प्रश्न: ही गाडी रिकॉलमध्ये आहे की नाही, लेखी कळवा. उत्तर आलं, आहे. काम मोफत, पण पार्ट यायला वेळ लागेल. तोवर बॅटरी काढलेलीच राहू द्या, हेही त्यांनी लेखी दिलं.

आमच्या ओळखीचे वायरमन म्हणाले होते, "दादा, फ्यूज आहे की, उडेल." मलाही हा प्रश्न पडला होता. वर्कशॉपमध्ये मी समोर उभा राहून काम करून घेतलं, तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी समजावलं. फ्यूज जास्त करंट गेला तर उडतो. ढिल्या जोडात करंट वाढतच नाही, तिथला रोध वाढतो. तीनशे वॅटचा भार बारा व्होल्टवर पंचवीस अँपिअर घेतो. जोडात ०.०५ ओहम जरी रोध असला तरी त्या एका बिंदूवर तीस वॅटच्या वर उष्णता तयार होते, म्हणजे सोल्डरिंग आयर्न बाकाखाली चालू ठेवून झोपल्यासारखं. चाळीस अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. आमचा जुना लग, म्हणजे केबलच्या टोकाचा धातूचा जोड, काढला तर तो काळा पडला होता, आणि केबलचं इन्सुलेशन बोटभर तपकिरी होऊन कडक झालं होतं.

नवी केबल आली, लग हायड्रॉलिक प्रेसनं दाबला, नट टॉर्क पान्यानं आवळला. पत्र्यातून केबल जाते तिथला रबरी ग्रोमेट फाटला होता. तो रिकॉलमध्ये नव्हता, पण मी आग्रह धरला आणि त्यांनी तोही बदलला. भार लावून अर्ध्या तासानं जोडाचं तापमान मोजलं, मगच मी सही केली. जॉब कार्डवर नुसतं 'वायरिंग चेक' लिहिलं होतं. ते बदलून रिकॉल नंबर आणि बदललेले पार्ट लिहून घेतले, कारण उद्या विम्याचा दावा किंवा गाडीची विक्री आली तर तेवढाच कागद कामाला येतो.

२०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात ११०अ कलम आलं, सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकतं. कंपनी दादच देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मला तिथवर जावं लागलं नाही. आता दोन्ही कंपन्यांकडे आमचा साताऱ्याचा पत्ता आणि मोबाइल नंबर लेखी नोंदवलाय. वाईच्या एका कुटुंबाकडे याच बॉडीची गाडी आहे, तीही सेकंडहँड. त्यांना पत्राचा फोटो पाठवलाय, आणि दारावरची प्लेट कुठं शोधायची तेही कळवलंय.