शिकारीचे चार खटले प्रोलॉगमध्ये: निकाल बरोबर, कारण चुकीचं

प्रोलॉग या नियम लिहून चालणाऱ्या संगणकभाषेत खटल्याचा निकाल आणि त्याचं कारण सांगणारा प्रोग्राम लिहिला आहे. त्याच्या संचात सध्या चार खटले आहेत: कीबल विरुद्ध हिकरिंगिल (१७०७), पिअरसन विरुद्ध पोस्ट (१८०५), यंग विरुद्ध हिचेन्स (१८४४) आणि गेन विरुद्ध रिच (१८८१). हाती न आलेल्या सावजावर हक्क कुणाचा, हा चौघांतला प्रश्न. सुरुवातीचे नियम दोनच (':-' म्हणजे 'जर', '\+' म्हणजे 'नसेल तर', '_ख' म्हणजे कोणताही खटला):

वादी_जिंकतो(_ख) :- घटक(_ख, ताबा).
वादी_जिंकतो(_ख) :- घटक(_ख, उपजीविका), \+ घटक(_ख, 'शिकाऱ्याचा_स्पर्धक').

देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही, म्हणून व्हेरिएबल अंडरस्कोरनेच सुरू करायचं. नाहीतर 'ख' हा ॲटम, म्हणजे एकच ठरलेलं नाव, ठरतो.

पोस्ट (मूळ वादी तोच) कोल्ह्याच्या नुसता मागे होता, म्हणून हरतो. यंगचं जाळं तारल्यांभोवती जवळजवळ मिटलं होतं. सुमारे ७ फॅदमची (फॅदम म्हणजे सहा फूट) फट उरली होती, तिथून हिचेन्स शिरला. तोही मासेच धरत होता, त्यामुळे दुसरा नियम अडतो. कीबलची बदकं बंदुकीच्या आवाजानं उडवून लावणं हा मात्र निव्वळ खोडा, म्हणून कीबल जिंकतो.

खरी गोम गेनमध्ये. त्याने मारलेला देवमासा वाहत किनाऱ्याला लागला, सापडला त्याने तो रिचला विकून टाकला. प्रोग्राम म्हणतो गेन जिंकतो, आणि तो जिंकलाच होता. पण स्पष्टीकरणात 'उपजीविका' येतं; न्यायालयाने आधार घेतला तो देवमासे मारणाऱ्यांच्या रिवाजाचा. 'ठार_मारलं', 'खुणेचं_हत्यार' आणि 'धंद्याची_रीत' या तिघांचा नवा नियम सर्वांत वर टाकला, कारण प्रोलॉग नियम वरून खाली तपासतो. पुढचं उत्तर मागायला सेमीकोलन दाबल्यावर उपजीविकेची सिद्धता अजूनही दिसते. ती काढलेली नाही. रिवाज मोडला तर धंदाच बसेल, हेही त्या निकालात आहे.

स्पष्टीकरण छापणाऱ्या मेटा-इंटरप्रिटरमध्ये (प्रोलॉगचे नियम वाचून चालवणारा प्रोलॉगमधलाच प्रोग्राम) 'आणि' व नकार यांच्या शाखा सर्वसाधारण शाखेच्या आधी हव्यात, प्रत्येकीत कट (पुढच्या शाखा तपासू नको, अशी खूण) हवा. नाहीतर अंगभूत प्रेडिकेटचा (भाषेतच आधीपासून असलेल्या क्रियेचा) नियम वाचायला गेल्यावर परवानगीची त्रुटी येते.

सर्वांत छळणारी चूक टंकलेखनाची. 'शिकाऱ्याचा' मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात र आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. यंगच्या नोंदीत दुसरा पडला, तर घटक जुळत नाही, नकार खरा ठरतो आणि यंग चक्क जिंकतो, तेही एकही इशारा न येता. उपाय: मान्य घटकांची वेगळी यादी करून फाइल चढवतानाच प्रत्येक नोंद तिच्याशी ताडायची.

पुढचा खटला पोपोव्ह विरुद्ध हायाशी (२००२). तिथे दोघांनी हक्क सांगितलेल्या बेसबॉलच्या चेंडूची किंमत दोघांत निम्मी-निम्मी वाटली गेली, आणि 'वादी_जिंकतो' मध्ये निम्म्याला जागा नाही.